सुरमई-चीज टार्ट खालून कच्चा आणि आतून फाटलेला, नेमकं कुठं चुकतंय

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की सुरमईला लिंबू-हळद-मीठ लावून ती कच्चीच टार्टमध्ये, म्हणजे मैद्याच्या पसरट पापुद्र्यात मांडली, वरनं अंडी, दूध, क्रीम आणि किसलेलं मोझरेला घातलं, ओटीजी म्हणजे घरातला छोटा ओव्हन २०० डिग्रीवर ठेवून ४५ मिनिटं भाजलं, वरनं सोनेरी दिसला पण कापल्यावर खालचा पापुद्रा कच्च्या कणकेसारखा निघाला, आतलं सारण फाटून पाणी सुटलं, घरभर दोन दिवस वास राहिला, आणि सासूबाईंनी मासा आणि दूध एकत्र म्हणून ताटाला हातसुद्धा लावला नाही. आता परत करायचा का नाद सोडायचा, असं विचारलंय.

नाद सोडू नका. मी गोव्यात एका हॉटेलच्या बेकरी सेक्शनला ९ वर्षं काढली, आता ११ वर्षं झाली कोल्हापुरात राजारामपुरीत घरातनंच ऑर्डरी घेतोय, आणि माझेही पहिले चार-पाच टार्ट असेच लगदा झालेले, शेफनं एक तर अख्खा उचलून डस्टबिनमध्ये टाकलेला माझ्यासमोर. तुमच्या चार तक्रारी आहेत, त्यातल्या सासूबाई सोडून बाकी बहुतेक सगळं पाण्यामुळं झालंय. माशात पाणी, कांद्यात पाणी, मोझरेलात पाणी, दूध तर निम्म्याहून जास्त पाणीच, आणि खाली मैद्याचा पापुद्रा बिचारा सगळ्यांचं पाणी पिऊन बसतोय. त्यामुळं मसाला कुठला आणि हर्ब कुठला ते मागनं बघू, आधी हे पाणी कुठं कुठं अडवायचं ते सांगतो.

पिठापासनं सुरू करू, कारण निम्मं काम तिथंच आहे. ९ इंची टिनला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर आणि ३ ते ४ चमचे बर्फाचं पाणी, बस्स. पिवळं खारं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नका. घरचं लोणी वापरायचं असेल तर खुशाल वापरा पण त्यात ताकाचा अंश राहतोय, थंड पाण्यात दोनदा धुऊन, फडक्यात दाबून, फ्रीजमध्ये कडक करून घ्या. आता बघा, आपल्या बायका शंकरपाळी-करंजीला मोहन घालतात ते कडकडीत, पीठ चुर्र वाजलं पाहिजे असं. इथं बरोब्बर उलटं. बटर दगडासारखं थंड पाहिजे, कारण पिठात त्याचे बारीक तुकडे तुकडे म्हणूनच शिल्लक राहायला हवेत, ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पीठ आतनं उचलते, तिथं पापुद्रा सुटतो. बटर मळतानाच वितळलं तर सगळं एकजीव होऊन तेलकट, टणक असं काहीतरी होतंय, खारीची खुसखुस त्याला येत नाही.

एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात दुपारी हे पीठ करायला जाऊ नका, सकाळी साडेसहाला करा, चहाच्या आधी. मी बटर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि मोठ्या भोकाच्या किसणीवर थेट मैद्यात किसतो, मधे मधे किसणी मैद्यात बुडवत, म्हणजे चिकटत नाही. मग फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचाच नाही, तळहात गरम असतोय. जाडसर रव्यासारखं दिसायला लागलं आणि मधे मधे तूरडाळीएवढे बटरचे कण दिसतात तिथं थांबायचं. पाणी एकेक चमचा. मुठीत दाबलं की गोळा धरतोय आणि अंगठ्यानं टोचलं की भेगा पडतात, एवढंच ओलं. तुम्ही लिहिलंय की पाच मिनिटं छान मळून घेतलं, तिथंच गडबड झाली ताई, पोळीच्या कणकेला तिंबणं लागतं, याला तिंबलं की मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे चिवट प्रोटीन, जागं होतंय, मग पीठ रबरासारखं ओढलं जातंय, भाजताना कडा टिनमधनं खाली घसरतात आणि खाताना चिवट लागतंय. गोळा नुसता एकत्र आणायचा, चपटा करायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कमीत कमी एक तास फ्रीजमध्ये. लाटायचा पण दोन प्लॅस्टिकच्या मधे, म्हणजे जास्तीचा कोरडा मैदा लावावा लागत नाही. टिनमध्ये बसवून कोपरे बोटानं हळू दाबा, ओढू नका, आणि परत १५ मिनिटं फ्रीजर.

टिन शक्यतो सुट्या तळाचं, काळपट पत्र्याचं घ्या. काचेचं भांडं दिसायला छान पण तापायला वेळ लावतंय आणि तुमची तक्रार नेमकी तळाचीच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही अजिबात केलेलं नाही. रिकामा पापुद्रा आधी एकटाच भाजून घ्यायचा. काट्यानं टोचा, वर बटर पेपर अंथरा, त्यात काठोकाठ वाटाणे नाहीतर राजमा भरा, वजनासाठी, नाहीतर पीठ पुरीसारखं फुगतंय आणि बाजू कोसळतात. १९० डिग्रीला १५ ते १८ मिनिटं, मग वाटाणे-कागद काढून अजून ८-१० मिनिटं, तळ मारी बिस्किटाच्या रंगाचा होईस्तोवर. रंग बघा, घड्याळ नको. गरम असतानाच फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात ब्रशनं फिरवा आणि परत दोन मिनिटं आत. हा पांढऱ्याचा थर म्हणजे गच्चीला वॉटरप्रूफिंग करतो ना आपण पावसाळ्याआधी, तसलं काम आहे.

ते वाटाणे थंड करून वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या घरात एकदा माझ्या डब्यातले वाटाणे रात्री भिजत पडले, सकाळी उसळ टाकली, कुकरच्या ९ शिट्ट्या झाल्या तरी दाणा मऊ होईना, आई गॅसवाल्याला शिव्या घालायला लागली, आणि मी गप्प कारण ते वाटाणे दोन वर्षं दर आठवड्याला ओव्हनमध्ये भाजलेले होते.

ओटीजीचं पण सांगतो. ही मशीन वरनं जास्त तापतात आणि डायलवरचा आकडा म्हणजे अंदाजच असतोय, त्यामुळं ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतोय तो घ्याच. पापुद्रा भाजताना खालचा रॉड चालू ठेवा, जमत असेल तर वरचा बंद, आणि खालच्या खाचेत एक जाड ट्रे आधीपासनं तापत ठेवून टिन त्याच्यावर ठेवा. तळाला थेट चटका बसला पाहिजे. मधेच लाईट गेली तर दार उघडून बघायचा मोह आवरा, बंद दारात दहा-पंधरा मिनिटं उष्णता टिकते.

मग मासा. आपण घाटावरची माणसं, समुद्राचा मासा आपल्याकडं रत्नागिरी-मालवणकडनं बर्फात घाट चढून येतोय, त्यामुळं तो आज पकडलाय असं कुणी सांगितलं तर हसून पुढं जा. कल्ले उचलून बघा, लाल पाहिजेत, विटकरी-तपकिरी नकोत, डोळा फुगीर आणि अंगावर बोट दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. तुकड्या करून ठेवलेल्या असल्या तर हे काहीच कळत नाही, म्हणून अख्खी सुरमई समोर कापून घ्या आणि शेपटीकडच्या बाजूचं मागा. तुमचा वासाचा प्रश्न पण इथलाच आहे. समुद्राच्या माशात एक घटक असतोय, मासा मेल्यावर बॅक्टेरिया त्याचं ट्रायमिथायलअमाईन करतात, तो हा वास. म्हणजे मासा जेवढा शिळा तेवढा वास जास्त, मसाल्यानं तो झाकतोय, जात नाही. रश्श्यात कांदा-लसूण मसाला आणि खोबऱ्याखाली सगळं खपून जातंय, पण दूध-अंड्याच्या फिक्या सारणात माशाला लपायला जागाच नाही. सुरमईच्या मधल्या काट्यालगत जी गडद तांबूस पट्टी असते ती पण सुरीनं काढून टाका, निम्मा उग्रपणा तिच्यात असतोय.

कुठला मासा चालतो तर सुरमई सगळ्यात सोयीची, मधला काटा काढला की बहुतेक काम झालं. रावस मिळाला तर उत्तमच पण खिसा बघा. पापलेट वाया घालवू नका, ते तळूनच खावं. बोंबील तर विसराच, त्याच्या अंगात एवढं पाणी की टार्टचं सूप होईल. रोहू-कटला नको कारण मांसात इंग्रजी वाय आकाराचे बारीक काटे असतात, मऊ सारणात ते जिभेला कळत नाहीत आणि थेट घशात जातात. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असते तेव्हा मरळ घ्या, काटे कमी, मांस घट्ट. फ्रोझन बासा घेतलात तर ते रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर वितळवा, सकाळी खालच्या वाटीत किती पाणी साचलंय ते बघितलं की माझं म्हणणं पटेल. आणि बांगडा! बांगड्याकडं लोक बघत नाहीत. युरोपात टार्टला धुरावलेला सॅमन, हॅडॉक असले मासे वापरतात, ती धुरकट चव आपल्याला निखाऱ्यावर भाजलेल्या बांगड्यात फुकट मिळते. कातडं काढायचं, काटे काढायचे, तुकडे टार्टमध्ये. काटे काढायचं काम मात्र चिकाटीचं आहे, मी भुवया काढायचा एक चिमटा खास त्यासाठी ठेवलाय.

काट्यासकट ४०० ग्रॅम सुरमई आणा, साफ होऊन ३०० च्या आसपास राहते. एक छोटा चमचा मीठ चोळून २० मिनिटं चाळणीवर. पाणी सुटतंय, ते ओतून द्या, टॉवेलनं टिपा. लिंबू लावायचंच असेल तर याच वेळी दोन-चार थेंब, आणि नंतर पुसून काढा, कारण लिंबू पिळलेला ओला मासा तुम्ही तसाच दुधात ठेवलात म्हणजे जवळजवळ पनीरच करायला घेतलंत की. मग तव्यावर थोड्या बटरमध्ये एकेका बाजूनं दीड-दोन मिनिटं, अर्धवटच शिजवायचा, बाकी ओव्हन शिजवतोय. ताटलीत काढून गार करा आणि हातानं मोठ्या पाकळ्या सोडवा, सोडवताना प्रत्येक पाकळीवरनं बोट फिरवा, काटा बोटाला सापडतो, डोळ्याला नाही. ताटलीत जो रस साचतो तो फेकू नका आणि सारणात पण ओतू नका, तव्यावर आटवा, अर्धा चमचा होईस्तोवर, आणि मग कांद्यात घाला. सगळी चव त्यात आहे.

कांदा एक मोठा, पातळ उभा चिरून बारीक गॅसवर २० मिनिटं, पाणी आटून मऊ, सोनेरी. टोमॅटो नको. मशरूम घालायचे असतील तर ते पण आधी कोरडे परता. कांदा-लसूण चटणी घालायची का असं कोल्हापुरात प्रत्येकजण विचारतोय, तर घाला, पण पाव चमचा, कांदा परततानाच, त्याच्या वर गेलात की चीज कुठं गेलं हे शोधत बसावं लागेल. माझी खरी शिफारस शेपूची. लोक परदेशी रेसिपी बघून सुपरमार्केटमधनं वाळलेल्या डिलची महागडी बाटली आणतात, ताई, डिल म्हणजे शेपूच, कपिलतीर्थ मंडईत ताजी जुडी मिळते. शेपू म्हटलं की घरातली पोरं ताट सोडून पळतात, पण मासा-अंडं-क्रीममध्ये दोन चमचे बारीक चिरलेली कोवळी पानं घाला, देठ नको, आणि नाव सांगू नका. माझ्या पुतण्यानं दोन तुकडे खाऊन मग विचारलं की ही कसली भारी कोथिंबीर आहे.

सारणाचं माप असं: ३ अंडी, १५० मिली पाकिटातलं फ्रेश क्रीम म्हणजे २५ टक्के फॅटवालं, १०० मिली म्हशीचं दूध, मिरी, चिमूटभर जायफळ. आपल्याकडं म्हशीच्या दुधाची चैन आहे, गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण असू दे नाहीतर गोकुळची पिशवी, दाटपणा मिळतोच, फक्त धारोष्ण असलं तर उकळून गार करून घ्या. घरची साय वापरली तर मिक्सरला एकच फेरा आणि गाळून, जास्त फिरवली की लोणी निघतंय. फेटताना फेस करायचा नाही, काट्यानं मोडायची अंडी. एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर थंड दुधात कालवून घातलात तर सारण फाटायची भीती बरीच कमी होते, फ्रेंच शेफ नाक मुरडेल, मुरडू दे, त्याच्याकडं ओटीजी नाही.

चीज १०० ग्रॅम. साधे प्रोसेस्ड चीज क्यूब २५ ग्रॅमचे असतात, म्हणजे चार. यात तुम्हाला कमीपणा वाटायचं कारण नाही, प्रोसेस्ड चीजमध्ये जे क्षार घातलेले असतात त्यानं ते तापल्यावर तेल आणि पाणी वेगळं न होता मऊ वितळतं, या कामाला ते चांगलंच. निम्मं चेडर मिळालं तर चवीला धार येते. मोझरेला पिझ्झ्यावर ठीक, तार लांब निघते, फोटो चांगला येतो, पण चव मिळमिळीत आणि ओलावा जास्त. प्रोसेस्ड चीज खारं, मासा खारा, बटर खारं, तेव्हा सारणात मीठ टाकायच्या आधी दहादा विचार करा. मी टाकतच नाही. मासा आणि चीज एकत्र हे इटलीतल्या पुष्कळ लोकांना पाप वाटतंय, फ्रान्समध्ये बिनधास्त चालतं. हा टार्ट ज्याचा भाऊबंद आहे तो किश, तो फ्रान्सच्या लॉरेन भागातला, आणि गंमत म्हणजे त्याच्या जुन्या रूपात चीज नव्हतंच, नुसती अंडी, क्रीम आणि डुकराचं खारवलेलं मांस.

भरायचा क्रम: तळाला निम्मं चीज, त्यावर कांदा, त्यावर माशाच्या पाकळ्या, शेपू, मग सारण ओव्हनच्या दारातच ओता, नाहीतर स्वयंपाकघरातनं नेताना हिंदकळून कडेनं खाली उतरतंय आणि टार्ट टिनला चिकटून बसतोय. उरलेलं चीज वर. आणि आता २०० नाही, १६५ ते १७० डिग्री, ३० ते ३५ मिनिटं. अंडं-दूध ७५-८० डिग्रीच्या आसपास धरतंय आणि त्याच्या फार वर गेलं की अंड्याचं प्रोटीन आवळून पाणी बाहेर फेकतंय, तुम्ही बघितलंत ते पाणी हेच. टिन हळूच हलवून बघा, कडा धरलेल्या आणि मधला पेल्याएवढा भाग खरवसासारखा थरथरतोय, की बाहेर काढा. पाण्यासारखी लाट उठली तर अजून पाच मिनिटं. बाहेर काढल्यावर मधला भाग आतल्या उष्णतेनं धरतोय, म्हणून २० मिनिटं सुरी लावायची नाही, पोरांना बाहेर रंकाळ्यावर पाठवा.

सासूबाईंचं. त्या काही उगाच बोलत नाहीत, मासा आणि दूध हा विरुद्ध आहार आहे असं चरकसंहितेत सांगितलंय, आणि त्यावरनं कोड फुटतं ही समजूत आपल्या प्रत्येक घरात आहे, माझी आजी तर मासे खाल्ले त्या रात्री चहा पण देत नव्हती. आजचं वैद्यक कोडाकडं शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनं रंगपेशी मारल्यानं होणारा त्रास म्हणून बघतंय, मासा-दुधाचा त्याच्याशी संबंध दाखवता आलेला नाही, आणि मासा क्रीममध्ये शिजवून पिढ्यानपिढ्या खाणारे देश आहेतच. पण ताई, हे त्यांना समजावत बसू नका. त्याच पिठाचे दोन छोटे टार्ट बाजूला करा, त्यात मासा न घालता पनीर, मक्याचे दाणे, तोच कांदा आणि थोडी हिरवी मिरची, आणि ते आधी भाजा, माशाच्या आधी, तेच ओव्हन आहे म्हणून त्यांना वास नको. अंडं पण चालत नसेल तर क्रीममध्ये दीड चमचा कॉर्नफ्लॉवर शिजवून घट्ट करून भरा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरी असंच केलं, तर सोमवारी सुद्धा त्याच टार्टची ऑर्डर येते.

उरला तर तासा-दीड तासाच्या आत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात त्याहून लवकर, आणि दोन दिवसांत संपवा. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, एवढी मेहनत घेऊन कोरडा ठेवलेला तळ एका मिनिटात ओला होतोय, ओटीजीत १५० ला १०-१२ मिनिटं. घरातल्या वासासाठी मासा तव्यावर टाकतानाच एक्झॉस्ट लावा आणि कातडं-काटे लगेच कागदात गुंडाळून बाहेर काढा, मासा ताजा असला तर वास बहुतेक तिथनंच येतोय, टार्टमधनं नाही.

आणि टिनच्या कडेनं कापून उरलेलं पीठ गोळा करून मळू नका, तसंच एकावर एक रचून लाटा, वर कांदा-लसूण चटणी बोटानं पसरा, पट्ट्या कापा आणि १९० ला १२ मिनिटं, वाटाण्याच्या डब्याशेजारी दुसरा डबा लागेल तेवढ्याला, पण आमच्याकडं तो डबा संध्याकाळच्या चहापर्यंत रिकामा होतोय.